चित्रगुप्त आणि आत्याबाई

ठराव

"शिंकू नका!"

ती इतक्या जोरात ओरडली की त्याची शिंक नाकातच विरली.

संग्रहालयातली ती खोली, डांबरगोळ्यांचा मुरलेला वास, आणि एक अनोळखी माणूस पतंगांचा खण उघडून त्यावर वाकलेला. टाचण्यांनी टोचलेले शेकडो वाळके जीव... एका शिंकेत निम्म्यांच्या मिशा उडाल्या असत्या.

"सॉरी. मी फक्त मोजत होतो."

"काय?"

"यातले किती जगात उरले नाहीत ते."

तो आकडेवारीवाला होता. प्रजाती कोणत्या वेगानं नाहीशा होताहेत, याचा हिशेब मांडायला आलेला. तिनं मनातल्या मनात त्याला 'चित्रगुप्त' म्हटलं, आणि चहाच्या वेळेपर्यंत ते तोंडातून निसटलंही. तिचं काम बरोबर उलटं. नव्या प्रजाती ओळखायच्या, त्यांना नावं द्यायची.

"म्हणजे तुम्ही बारशाच्या आत्याबाई," तो म्हणाला. चष्मा कपाळावर सरकवून हसला.

तिथंच घोळ झाला. त्याचा नाही, तिचा.

विरोध

मग रोज जुंपायची. जिन्यात, कपाटांच्या बोळात, डबे धुताना.

"तू एक नाव ठेवतेस तोवर माझ्याकडचे दोन जातात, आत्याबाई."

"जातात की दिसत नाहीत? तुझे निम्मे मेलेले मजेत असतील. शोधायला गेलंय कोण?"

"आणि तुझे निम्मे नवे जुनेच असतील. कपाटं धुंडाळलीयत कुणी?"

'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, दोघांनाही कळलं नाही. एवढंच कळत होतं की हिवाळा सरता सरता तो दूरच्या एका बेटावर नोकरीला जाणार आहे. तो ज्या दिवशी यायचा नाही, त्या दिवशी तिला खोली उगाच मोठी वाटायची... आणि डांबरगोळ्यांचा वास जास्तच यायचा.

घरी खिडकीत जाळीचे डबे होते. शहरामागच्या टेकडीवर, झाडाच्या खोडावर, तिला एक राखाडी मादी सापडली होती. पंखच नसलेली. तिच्या अंड्यांतून आलेल्या अळ्या ती वाढवत होती. कुठल्याच नावात ही मादी बसेना. म्हणजे नवी! तिची स्वतःची, पहिली. संग्रहालयात तिनं अवाक्षर काढलं नव्हतं. बारशाआधी नाव फोडायचं नसतं.

"लोक मांजर पाळतात," ताई कुरकुरायची. "आमच्याकडे अळ्या! बरं, त्या चित्रगुप्ताला कधी आणतेस?"

"तो पाळीव नाहीये, ताई."

"तुझ्या तोंडून दिवसातून दहादा निघतो. अजून किती पाळीव हवा?"

टाळ्या

संग्रहालयानं जाहीर वाद ठेवला: प्रजाती जातात जास्त, की सापडतात जास्त?

तो आधी बोलला. पडद्यावर एकामागून एक गेलेले जीव येत राहिले. ती ते पाहत नव्हती, मनात स्वतःचं भाषण घोकत होती. मग तिची पाळी. पडद्यावर ती बिनपंखी मादी, ती टेकडी, ते खोड. "ही कालपर्यंत कुणालाच माहीत नव्हती." सभागृह दणाणलं. सगळ्यांत जोरात ताई.

आता त्यानं उलट उत्तर द्यायचं. तो उठला. पडद्याकडे बघत राहिला. चष्मा काढला, पुसला, घातला...

"मला काही म्हणायचं नाही."

दशांश चिन्हासाठी जीव टाकणारा माणूस! ती जिंकली, पण काहीतरी चुकतंय असं वाटत राहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं त्याची चित्रं नीट पाहिली. एकापाशी थांबली. राखाडी पंखांचा एक नर, पिसांसारख्या मिशा. खालच्या नोंदीत टेकडी तीच. महिना तोच. कित्येक वर्षांत कुणाला दिसलेला नाही. म्हणून नामशेष.

तो नर भलत्याच कुळाच्या कपाटात होता. नराला पंख, मादीला नाहीत... हे जोडपं आहे असं कोण म्हणेल? या धंद्यात अशी चूक पूर्वीही झालेली, पण आज ती तिची होती.

खंडन

तो पुस्तकं खोक्यात भरत होता.

"तुला कळलं होतं."

"...पडद्यावर टेकडी दिसली तेव्हाच."

"मग गप्प का बसलास? कीव आली माझी?"

"कीव नाही गं. आयुष्यभर मी फक्त जाणाऱ्यांचीच नोंद केलीय. तुझ्याकडचं काही जायला मी कारण व्हावं... निदान जाताना तरी नको वाटलं."

"असं खोटं जिंकवून निघालास, तर मी भांडू कुणाशी?"

त्याच्या हातातलं पुस्तक खोक्याबाहेरच राहिलं.

"संध्याकाळी टेकडीवर चल. कोशातून आज एक मादी बाहेर आलीये."

खोडाला जाळीचा पिंजरा टांगला. मादी हलेना. तिला उडता येत नाही. ती फक्त गंध सोडते, वाऱ्यावर. नर कुठं असेल तर तो माग काढत येतो. नसेल तर ती वाट पाहूनच मरते. दोघं खाली दगडावर बसले, खांद्याला खांदा लागेल न लागेल असे.

"नाही आला तर प्रजाती तुझी," तो कुजबुजला.

"आणि आला तर तू चुकलास."

"मला चुकायचंय."

"मला हरायचंय," ती म्हणाली, आणि तिचं तिलाच नवल वाटलं.

उजेड विझत आला. मग खालच्या झुडपांतून काहीतरी राखाडी, डगमगत, चुकत, पुन्हा वळत वर आलं... आणि जाळीवर टेकलं. पिसांसारख्या मिशा थरथरत होत्या.

त्यानं श्वास रोखला. चष्म्याच्या काचा धूसर झाल्या होत्या. "आहे," एवढंच म्हणाला. "अगं, आहे."

"गेली माझी प्रजाती." ती हसली. मग त्याच दमात, कारण पुन्हा धीर झाला नसता, "मला तू आवडतोस. भांडायलाच नाही. नुसताही."

"...मी परवा चाललोय."

"माहीत आहे."

"आणि आज सांगतेस?"

"कळलेलं दडवून ठेवायला मी काय चित्रगुप्त आहे?"

त्यानं तिचा गारठलेला हात उचलला आणि स्वतःच्या हातासकट कोटाच्या खिशात घातला. "मलाही," तो म्हणाला. "त्या शिंकेपासून."

खाली शहरात दिवे लागले. शेवटची बस वळणावर थांबली, थोडी रेंगाळली, निघून गेली. दोघांनीही तिला जाताना पाहिलं, आणि कुणीच उठलं नाही.