अनंताचा वास

“आधी खांब पूस, मगच चढ. प्रत्यक्ष देव घाई करत असला तरी!”

क्लबमधल्या नर्तकींना सांभाळणाऱ्या लोर्नाआईचा हा धडा जोसलिनने त्या दिवशीही पाळला होता. तरी हात सटकला, आणि नाचता नाचता ती क्लबच्या खांबावरून खाली आदळली.

“मालक म्हणतो, तू कामगार नाहीसच, स्वतंत्र कलावंत! मनगटाचा खर्च तुझा तू बघ,” प्लास्टर सावरत ती गुप्तहेर मिरियम ओक्सला म्हणाली. “खांब पुसायच्या फडक्याला अनंताच्या फुलासारखा वास होता. वाटलं, कुणाचं अत्तर लागलं असेल. लोर्नाआई दवाखान्यात नुसती रडली. म्हणाली, ‘वेळ आली की खरं बोलेन, वचन.’”

मिरियम मदतनीस ड्वाइटला घेऊन क्लबमध्ये गेली. बाहेर पोर्टलंडचं लख्ख ऊन. आत शिळी बिअर आणि घामाचा कुबट दर्प. खुर्चीचा चिकटा लागताच ड्वाइटने शिसारीने खिशातलं स्पिरिट हातावर चोळलं.

“ए, बंद कर ते!” मालक केसलर खेकसला. “दवाखान्याच्या वासाने गिऱ्हाईक पळतं.” मग मिरियमला खालपासून वर न्याहाळत म्हणाला, “मी पोरींना काही सांगत नाही, बाई. येतात, नाचतात, जातात. माल त्यांचा, मर्जी त्यांची.”

‘माल’ म्हणताना त्याने ओठ चाटले.

दुसरी नर्तकी टॅनिस. जोसलिनशी तिचं विळ्याभोपळ्याचं सख्य. “मी पाडलं? अहो, त्याच खांबावर लगेच माझी पाळी होती!”

मुलींच्या खोलीत पिना, टाके आणि धीर पुरवायची ती लोर्ना. खांब पुसायची बाटलीही तीच भरायची. तिच्या हातांना अनंताचा वास होता.

“म्हणजे म्हातारीच!” ड्वाइट कुजबुजला.

मिरियमने तिघांना समोर बसवलं.

“खांब स्पिरिटने पुसतात, म्हणजे घाम निघतो. पण इथे स्पिरिटचा वासच नाही. बाटलीत सुगंधी तेल होतं. जोसलिनने जितकं मन लावून पुसलं, तितका खांब निसरडा झाला. टॅनिस आपल्याच पाळीचा खांब बिघडवणार नाही. आणि जन्मभर ‘पूस’ सांगणारी लोर्ना आपणहून तेल भरेल? स्पिरिटचा वास इथे एकालाच सोसत नाही. आणि त्याला कधी खांबावर चढावं लागलेलं नाही.”

केसलर हसला. “सांगितलं मीच, भर म्हणून. मग? माझा क्लब, माझा हुकूम!”

“तेच ऐकायचं होतं. हुकूम सोडतो तो मालक, आणि तो पाळते ती कामगार. म्हणजे मनगटाचा खर्च तुझा.”

“कामगार कार्यालयात जाऊन हे सांगणार कोण?” केसलरने हिणवलं.

लोर्ना उठली. तिने हात खसखसून धुतले. वास गेला नाही. तिने कोट चढवला आणि कामगार कार्यालयाची वाट धरली.