एका नाचाला नकार

लॉर्ड हॅल्डननं माझ्याशी ओळख करून घेतली, ती माझ्या नव्या रेशमी झग्यावर लिंबाचं सरबत सांडून.

इंग्लंडमधल्या बाथ शहरातल्या नाचघरात त्या संध्याकाळी मी खांबाआड लपले होते. चाहत्यांचा घोळका सांभाळायलाही दम लागतो हो! तिथे हा उंच, गंभीर माणूस आधीच लपलेला. लढाईहून परतल्यापासून त्याचा उजवा हात थरथरायचा, हे मला मागाहून कळलं. तेव्हा तो नुसताच लालबुंद झाला.

"माफ करा, मिस थॉर्नक्रॉफ्ट... तुमचा झगा—"

"जाऊ द्या हो! आत्यानं निवडलाय. मला मुळीच आवडत नव्हता."

तो हसला, आणि झालं... मी कामातून गेले. मग प्रत्येक समारंभात, एक नाच संपून दुसरा सुरू होईपर्यंत, मी खांबाआड त्याच्याकडे पळू लागले. पण "चला, नाचू या" म्हटलं की त्याचा हात पाठीमागे जायचा.

नाचांच्या मोसमातल्या शेवटच्या समारंभात तो म्हणाला, "उद्या गावी निघतोय. कायमचा."

"का?"

"तुमचा हात मागायचा, तर माझा स्थिर तरी हवा ना?"

असला राग आला मला! आणि रडूही. तेवढ्यात सर पेरेग्रिन समोर येऊन वाकले. अख्ख्या बाथमधलं सर्वांत श्रीमंत स्थळ.

"हा नाच माझ्याबरोबर, मिस थॉर्नक्रॉफ्ट?"

"नाही."

आत्या धावतच आली. "अगं, शुद्धीवर आहेस का? एकाला नाही म्हटलंस की आज दुसऱ्या कुणाबरोबरही नाचता येणार नाही! रीतच आहे तशी!"

"ठाऊक आहे, आत्या. म्हणूनच म्हटलं."

आणि मी सरळ लॉर्ड हॅल्डनच्या शेजारच्या खुर्चीवर जाऊन बसले. सगळं नाचघर आमच्याकडे बघत होतं. हा आता उठून गेला, तर तोंड कुठे लपवू?

"हे काय केलंत तुम्ही?" तो पुटपुटला.

"मोकळी झाले. आता सगळा वेळ तुमचा. बोला!"

मग त्यानं पाठीमागचा हात पुढे आणला आणि सगळ्यांदेखत माझ्यापुढे धरला.

"थरथरतोय..."

"माझा काय कमी थरथरतोय? बघा की!" मी हात त्याच्या हातात दिला. त्यानं तो घट्ट धरला.

"माझ्याशी... लग्न कराल?"

"आजचा नकार देऊन झालाय, लॉर्डसाहेब," मी म्हणाले. "आता फक्त होकार शिल्लक आहे."