भिंत आतून वाळेपर्यंत

पाऊस थांबून महिना होत आला होता. नळ गळत नव्हता, छपराला भेग नव्हती. तरीही मुकादमांच्या घरात, अलिझाच्या पलंगामागची भिंत पुन्हा काळी पडली होती. पुरानंतर यंत्रमानवांनी हीच भिंत वाळवून, रंगवून दिली होती. मग पाणी आलं कुठून?

अकरा वर्षांच्या रेवाला हा प्रश्न टाळता येत नव्हता. अलिझा तिची जिवलग मैत्रीण होती आणि भिंत वाळवणारी कंपनी रेवाच्या आईची, उज्ज्वलाची होती. वाशिष्ठी नदीचं पाणी आता दर पावसाळ्यात चिपळूणच्या घरांत शिरायचं. घरं वाळवणं हा मोठा धंदा झाला होता.

अलिझाला धाप लागून दवाखान्यात न्यावं लागलं, त्या संध्याकाळी रेवा आबांकडे गेली. आबा म्हणजे तिचे आजोबा. विटा, चुना, सिमेंट यांवर संशोधन करण्यात त्यांचा जन्म गेला होता.

आबांनी एक भिजलेली वीट पंख्यासमोर ठेवली. थोड्या वेळाने म्हणाले, "हात लाव."

"कोरडी आहे."

आबांनी हातोडीने वीट फोडली. आतला भाग गडद होता, बोटाला गार लागत होता.

"विटेत केसाहून बारीक वाटा असतात," आबा म्हणाले. "पुराचं पाणी त्यांतून आपोआप आत चढतं. त्याला केशाकर्षण (बारीक नळीत द्रव ओढला जाणं) म्हणतात. बाहेरचं पाणी लवकर उडतं. आतलं मात्र हळूहळू पृष्ठभागाकडे येतं. ते यायच्या आत रंग फासला, तर त्याची वाटच बंद होते. मग तिथे बुरशी (ओलाव्यावर वाढणारे सूक्ष्म जीव) धरते. तिचे कण श्वासातून छातीत जातात."

"मग खिडक्या उघडून ठेवायच्या ना?"

"पावसाळ्यात कोकणातली हवाच बाष्पाने भरलेली असते. ती आणखी पाणी कुठे घेणार? म्हणून खिडक्या लावून घ्यायच्या आणि यंत्राने खोलीतल्या हवेतलं बाष्प काढायचं. त्याला वेळ लागतो."

रेवा घरी आली. आई यंत्रमानवांची कामं वाटत होती.

"आई, भिंत आतून ओली आहे हे आपल्या यंत्रमानवाला कळत नाही?"

"कळतं." आईने मान वर केली नाही. "भोक पाडून सुई घातली की कळतं. ओल्या विटेतून वीज सहज वाहते, कोरडीत अडते. तो अडथळा मोजायचा."

"मग अलिझाकडे का नाही मोजलं?"

आई तुटकपणे म्हणाली, "आपण भिंतीच्या चौरस फुटावर दर लावतो. एका घरात जास्त दिवस राहिलं की नुकसान. म्हणून यंत्रमानव चालवणाऱ्या माणसांना शिकवतानाच सांगितलं, वरून कोरडी लागली की पुढच्या घरी जा. सगळे असंच करतात, रेवा."

"तुला माहीत होतं?"

आई पुन्हा कामांच्या यादीकडे वळली. रेवा त्या रात्री तिच्याशी बोलली नाही.

सकाळी आई स्वतः मुकादमांकडे गेली. तिने रंग खरवडून काढला, गिलावा फोडला आणि वाळवण्याची यंत्रं लावली. अलिझाच्या वडिलांनी, मुकादमचाचांनी, तिला पाणीही विचारलं नाही. "तुम्ही शेजारी म्हणून आम्ही दुसऱ्या कुणाला बोलावलं नाही, वहिनी," एवढंच ते म्हणाले. भिंत खरोखर वाळली, तोवर ते घर सोडून खेडला राहायला गेले होते. अलिझाच्या दप्तरात आता श्वासाचा पंप असायचा. रेवाच्या फोनला ती उत्तर देत नव्हती.

आईने कंपनीचे नियम बदलले. दर आता भिंतीच्या आतला ओलावा किती उतरला, त्यावर ठरू लागला. आबांनी अंगणात विटांच्या भिंती बांधल्या. नवे कामगार त्या भिजवायचे, वाळवायचे, मग भोक पाडून मोजायचे. वरून कोरडी आणि आतून ओली भिंत ज्याला ओळखता येत नसे, त्याला आई कुणाच्या घरी पाठवत नसे.

पुढच्या पुरानंतर नदीकाठच्या वसाहतीचं काम दुसऱ्या कंपनीला गेलं. त्यांचा दर कमी होता, मुदतही कमी. त्यातच आईच्या हाताखाली तयार झालेली सर्वांत हुशार कामगार, दीपाली गुढेकर, त्याच कंपनीत निघाली.

"इथे कामच उरलं नाही, ताई," ती खाली बघत म्हणाली. "घर चालवायचंय मला."

"एवढं शिकवलं तुला," आई कडवटपणे म्हणाली, "आणि आता तिथे जाऊन ओल्या भिंती रंगवणार?"

"नाही. तिथेही मी भोक पाडूनच मोजणार. काढलं तर काढू देत."

दीपाली गेली. आई बराच वेळ अंगणातल्या भिंतीकडे बघत उभी राहिली. तिच्या चेहऱ्यावरचा राग उतरला नव्हता.

"आई," रेवा हळूच म्हणाली, "म्हणजे त्या वसाहतीत निदान एक तरी घर आतून वाळेल."

आईने तिच्याकडे पाहिलं. मग खोलीत जाऊन कामगारांच्या नव्या तुकडीसाठी जाहिरात लिहायला बसली. शेवटी तिने लिहिलं, 'शिकून कुठल्याही कंपनीत गेलात तरी चालेल.'