तिसरा कवडसा

कवडसा आधी वाटेच्या वळणावरच्या दगडी बांधावर थरथरला. मग गवतावरून सरकत पुढे आला, क्षणभर घुटमळला आणि थेट वाटाड्या रोमुलोच्या डोळ्यांत शिरला.

"...ही समोरची कोठारं इंकांनी मुद्दाम वाऱ्याच्या तोंडाशी बांधली, म्हणजे आतला मका—" एवढं बोलून तो थांबला. पुढचं वाक्य कुठल्या कुठे गेलं.

"आतला मका काय?" प्रवाशांच्या गटातल्या कुणीतरी विचारलं.

"आतला मका... टिकायचा."

तीन भाषांत, न अडखळता, शंभरदा सांगितलेली गोष्ट त्या सकाळी दोन शब्दांत संपली.

अरुंद दरीच्या पलीकडे, उतारावर, लोकरीसाठी पाळलेल्या अल्पाकांचा कळप चरत होता. त्या पांढऱ्या-तपकिरी ठिपक्यांच्या मधोमध लाल शालीचा एक ठिपका होता. कवडसा तिथूनच आला होता. एकदाच आला, आणि विझला.

रोमुलोला आरशाची भाषा ठाऊक होती. तो वाढला कुस्को शहरात. पण त्याची आई याच डोंगरांतली. पोरानं समोरच्या डोंगरावरून आरशानं उन्हाचा कवडसा टाकायचा, आणि मुलीच्या मनात असेल तर तिनं आपल्या आरशानं उत्तर द्यायचं. एक कवडसा म्हणजे 'पाहिलं'. दोन म्हणजे 'ये'. तीन म्हणजे 'आपली वाट धर'. त्याच्या वडिलांनी आईला असंच मिळवलं होतं. वडिलांना जाऊन सहा वर्षं झाली होती, पण पत्र्याच्या पाठीचा तो गोल आरसा आईच्या उशाखाली अजून होता.

आणि म्हणूनच तो गोंधळला. या डोंगरांत मुलगी आपणहून सुरुवात करत नाही. तिचा कवडसा म्हणजे उत्तर. मग प्रश्न कुणी विचारला होता?

त्यानं मेलितोनला गाठलं. मेलितोन स्वयंपाकी, साठीचा, विधुर, आणि जिभेनं तिखट. तंबू आवरून, भांडी लादून तो खेचरांबरोबर गटाच्या मागून निघे आणि दर फेरीला बरोबर त्या वळणावर गटाला गाठी. बापाच्या वयाच्या या माणसाला रोमुलो 'ताय्ता' म्हणे.

"ताय्ता, तुम्ही पाहिलंत?"

"पाहिलं ना. माझ्यासाठीच होतं ते."

"तुमच्यासाठी?"

"का? साठीच्या माणसावर ऊन पडत नाही?"

तो मे महिना होता. गवत पिवळं पडू लागलं होतं आणि पहाटेचं दव गोठत होतं. त्यानंतर दर दहा दिवसांनी नवा गट आला, तीच वाट, तेच वळण... आणि तोच एक कवडसा. पाहिलं. पुन्हा दहा दिवसांनी, पाहिलं. रोमुलो रात्र रात्र नव्हे, पण वाटा वाटा विचार करत चालला. काय पाहिलं? कुणाला पाहिलं? मागे-पुढे कुणी देखणा खेचरवाला असेल, त्याच्याशी तिचं हे गुज चाललं असेल, आणि आपण उगाच मध्ये उभे असू. दुसऱ्याचं पत्र आपल्या हाती पडावं, तसं त्याला वाटे. ते परत करवत नाही, आणि वाचल्यावाचूनही राहवत नाही.

दुपारी गट दरी उतरून पलीकडच्या वस्तीत पोचे. तिथल्या एका अंगणात बायका विणकाम मांडून बसत. पाहुण्यांना उकडलेले बटाटे मिळत. लाल शालवाली त्याच घरची. तिचं नाव साबिना. कळप आईच्या हवाली करून ती मागाशी येऊन बसे. जूनमध्ये ती त्याच्याशी पहिल्यांदा बोलली, तेही धाग्यावरून नजर न उचलता.

"आज साडेनऊ झाले."

"काय?"

"वळणावर यायला. एरवी नऊला येता."

"एका बाईंच्या बुटाचा तळ निघाला होता..."

"अस्सं. मला वाटलं, गाईडसाहेबांचा हात दुखतोय."

"हात? माझा हात कशाला दुखेल?"

तेव्हा तिनं वर पाहिलं. तिच्या गालांवर वाऱ्यानं कोरलेली लाली होती, आणि डोळ्यांत हसू.

"लांबून इतके धीट," ती म्हणाली, "आणि जवळ आलं की असे!"

लांबून आपण कसला धीटपणा केला, हे त्याच क्षणी विचारायला हवं होतं. पण रोमुलोची जीभ चारचौघांसमोर घोड्यासारखी धावे आणि एका माणसासमोर खुंट्याला बांधल्यासारखी होई. त्यानं विचारलं ते भलतंच.

"हा लाल रंग... कशाचा असतो?"

"निवडुंगावरच्या किड्यांचा," साबिना म्हणाली. "आत्ता पंधरा माणसांना तुम्हीच सांगितलंत."

शेजारच्या बायका तोंडाला पदर... नव्हे, टोपीचा काठ लावून हसल्या. साबिनानं मात्र परडीतला सर्वांत पिठूळ बटाटा निवडला, नखानं त्याची साल काढली आणि गरम गरमच त्याच्या तळव्यावर ठेवला. त्यानं इतरांकडे पाहिलं. सालीसकट बटाटे खात होते सगळे.

जुलैत तिनं त्याच्यासाठी सावलीतला दगड राखून ठेवला. ऑगस्टच्या वाऱ्यात त्याची टोपी उडाली, ती धावत जाऊन घेऊन आली आणि देताना हातातून पटकन सोडली नाही. सप्टेंबरात ती गप्प होती. एकदाच म्हणाली, "काही माणसांना वाटतं, ऊन कायमचं असतं." त्यावर तो म्हणाला, "हो, पावसाळा येतोय आता," आणि तिनं कपाळावर हात मारला.

वळणावर कवडसा येतच होता. पाहिलं. पाहिलं. एखाद्या शाळकरी मुलानं उत्तर पाठ करावं आणि प्रश्न विसरून जावा, तसा तो पाच महिने जगला.

ऑक्टोबर संपत आला. हंगामातला हा अखेरचा गट. यानंतर पाऊस वाट ताब्यात घेणार, ती एप्रिलपर्यंत. या गटात ग्रासिएला नावाच्या एक निवृत्त शिक्षिका होत्या, आर्जेन्तिनाहून आलेल्या; सगळे त्यांना मानानं 'दोन्या', म्हणजे बाई, म्हणत. चाळीस वर्षं वर्गावर नजर ठेवल्यामुळे असेल, सगळे समोर बघत तेव्हा त्या मागे बघत. वळणावर रोमुलो कोठारांकडे हात उंचावून बोलत असताना त्या म्हणाल्या,

"मुला, तुमचं ते खेचर फारच नटलंय हं."

रोमुलोनं मागे वळून पाहिलं. पाच महिन्यांत पहिल्यांदा.

राखाडी खेचर चढ चढत येत होतं. त्याच्या पाठीवर, सगळ्यांत वर, सूपाच्या मोठ्या पातेल्याचं झाकण बांधलेलं होतं. मेलितोन ते रोज सकाळी राखेनं घासून आरशासारखं करी आणि मोठ्या अभिमानानं बाहेर तोंड करून बांधी. त्या झाकणावर नऊचं ऊन फुटलं होतं. खेचरानं पाय टाकला, झाकण हललं, आणि उजेडाचा लखलखीत लोळ दरी ओलांडून समोरच्या उतारावर गेला, अल्पाकांवरून, लाल शालीवरून...

आणि लाल ठिपक्यानं लगेच उत्तर दिलं. एकदा.

रोमुलो तसाच उभा राहिला. हात अजून वर होता. दरीपलीकडून ती काय पाहत असेल, हे त्याला आता दिसलं: दर दहा दिवसांनी एक माणूस त्याच वळणावर थांबतो, तिच्याकडे तोंड करतो, हात उंचावतो, आणि उजेड येतो. तिनं त्याला पाहिलं होतं. उत्तर त्यालाच दिलं होतं. ज्या पत्राला तो दुसऱ्याचं समजत होता, त्यावर नाव त्याचंच होतं. फक्त, ज्या पत्राचं ते उत्तर होतं, ते त्यानं लिहिलंच नव्हतं. या गोष्टीनं सुखी व्हावं की लाजेनं मरावं, हेच त्याला कळेना.

दुपारी अंगणात साबिनानं त्याला दगडी कुंपणाशी बोलावलं. आज हसू नव्हतं.

"रविवारी खालच्या गावाहून लोक येणार आहेत. ट्रकवाल्याच्या मुलासाठी. कोकाची पानं घेऊन."

पानं म्हणजे मागणी. मुलीच्या आईनं ती ओंजळीत घेतली, की शब्द झाला.

"आणि तुम्ही..."

"आई विचारते, कुणी आहे का मनात? असेल तर सांग, मी पानं घेत नाही." ती कुंपणाच्या दगडावरचं शेवाळ नखानं खरवडू लागली. "काय सांगू मी तिला? मे महिन्यापासून तुम्ही हाक मारताय. मी 'पाहिलं' म्हणते. पुन्हा हाक मारता, मी पुन्हा 'पाहिलं' म्हणते. एका हाकेवर किती दिवस ताटकळायचं माणसानं?"

गप्प बसणं किती सोपं होतं! नुसतं 'शनिवारी येतो' म्हणायचं. झाकण झाकणाच्या जागी राहिलं असतं आणि हे प्रेम त्याच्या पदरात पडलं असतं. पण मग जन्मभर ती एका धीट माणसाला हाका मारणार, आणि उत्तर याला द्यावं लागणार.

"मी... हाक मारली नाही," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"ते झाकण होतं. सूपाच्या पातेल्याचं. राखाडी खेचरावर बांधतात ते... मलाही आजच कळलं."

शेवाळ खरवडणारं साबिनाचं नख थांबलं.

"झाकण."

"हो."

"पाच महिने मी... झाकणाला?"

तिच्या गळ्यातून एक आवाज निघाला. ते हसू होतं की हुंदका, हे त्याला शेवटपर्यंत उमगलं नाही.

"आणि हे सांगितलंत कशाला? गप्प राहिला असतात, तर मला कळलंही नसतं."

"म्हणूनच. तुम्हाला कळलं नसतं, म्हणूनच तर—"

"तर काय?"

खुंटा. दोर. जीभ तिथल्या तिथेच फिरली.

"तुझ्यापेक्षा ते झाकण बरं!" साबिना म्हणाली. पहिल्यांदाच 'तू' म्हणाली. "निदान चमकलं तरी!"

आणि ती आत निघून गेली. त्या दिवशी बटाट्याची साल त्यानं स्वतःच काढली.

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, गटाला खिंड चढायची होती. अर्ध्या चढावर एक सपाटी लागते. तिथून साबिनाचा उतार समोरच दिसतो. नऊ वाजायला आले होते. रोमुलोनं गट थांबवला आणि तो मेलितोनकडे गेला.

"ताय्ता, झाकण द्या."

"सूप संध्याकाळी. भूक लागली असेल तर भाजका मका—"

"झाकण द्या. आणि थोडी राख."

मेलितोननं त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि निमूटपणे गाठ सोडली. रोमुलो गुडघ्यांवर बसून झाकण घासू लागला.

"हे कार्यक्रमपत्रिकेत नव्हतं," दोन्या ग्रासिएला म्हणाल्या.

"नाही, दोन्या."

"मग नक्की बघण्यासारखं असणार." आणि त्या एका दगडावर ऐसपैस बसल्या.

झाकण जड होतं. पहिल्यांदा उजेड एका काळ्या कड्यावर पडला. मग एका अल्पाकावर. ती बिचकून उधळली. "डावीकडे, मुला, डावीकडे!" दोन्या ओरडल्या. "खाली! आणखी खाली!" बाकीचेही आपापल्या भाषांतून ओरडू लागले. वाट दाखवणाऱ्याला बारा प्रवासी वाट दाखवत होते. अखेर उजेड सरकत सरकत लाल ठिपक्यावर गेला. रोमुलोनं श्वास रोखला आणि झाकण स्थिर धरलं.

काहीच नाही.

दंड भरून आले. घाम डोळ्यांत उतरला. ठिपका हलत नव्हता. जागाही सोडत नव्हता.

मग, समोरून—एक. 'पाहिलं.'

गट आनंदानं ओरडला, रोमुलो नाही. पाहिलं तर पाच महिने होतंच.

दोन.

आता तो थिजला. दोन म्हणजे 'ये'. पण तीनची वाटही दोनवरूनच जाते. तिसरा येईल का? येईल... येतोय... आणि नेमका त्याच वेळी डोंगरामागून एक ढग आला आणि सूर्यावर बसला. दरी राखाडी झाली. हातातलं झाकण नुसतं झाकण झालं.

"ताय्ता," तो पुटपुटला, "तिनं थांबवलं, की ढगानं?"

"मला काय विचारतोस? मी फक्त झाकणाचा मालक."

रोमुलो ढगाकडे बघत राहिला. आयुष्यभर तो असाच थांबत आला होता. आधी आभाळ निवळू दे, मग बोलू. त्यानं झाकण खाली ठेवलं.

"उद्या दुपारी गट गाडीत बसला, की तुम्ही मोकळे आहात का?"

"का रे?"

"संध्याकाळच्या आत तिच्या घरी पानं न्यायची आहेत. माझी आई कुस्कोहून येईल. पण वडिलांच्या जागी कुणीतरी मोठं माणूस लागतं."

मेलितोननं टोपी काढली, उगाच झटकली, पुन्हा घातली.

"ढग सरायच्या आधीच विचारतोयस, पोरा. आणि त्यामागून तिसरा कवडसा आला तर?"

"तर माझी वाट धरीन. पण ती दारात उभी राहून धरायला सांगेल तेव्हा."

"झाकण आणू?"

"आणा," रोमुलो म्हणाला. "त्याच्याशिवाय तिची ओळख कुणाशी आहे?"

ढग सरला. ऊन आधी खिंडीवर आलं, मग वाटेवर, मग दरी उतरून पलीकडचा उतार चढू लागलं. अल्पाका उजळल्या. लाल शाल उजळली. बारा प्रवासी, एक स्वयंपाकी आणि एक वाटाड्या श्वास धरून समोर बघत उभे होते.

ऊन होतं. आरसा होता. मुलगीही तिथंच होती, जागची न हलता. तिसरा कवडसा मात्र आला नाही.