ट्रॉलीमागचा लाल दिवा

प्रीतम मला पहिल्यांदा भेटला, तेव्हा त्याच्या कानाखाली वाजवायची माझी फार इच्छा होती. उजवा हात कोपरापासून सोलवटला नसता, तर वाजवलीही असती.

नागपूरहून सावनेरला घरी निघाले होते. डिसेंबरची संध्याकाळ, दिवस नुकता मावळलेला, तुरीच्या शेतांवरून गार वारा... आणि स्कूटीपुढे अचानक एक काळी भिंत! ब्रेक दाबला, हँडल वळवलं आणि स्कूटीसकट रस्त्याखालच्या मातीत आडवी झाले. ती भिंत म्हणजे मांडवाच्या कापडांनी भरलेली ट्रॉली होती. ट्रॅक्टरमागे रांगत चालली होती आणि तिच्या पाठीवर एक दिवा म्हणून नव्हता.

ट्रॅक्टर थांबवून ड्रायव्हर धावत आला. उंच, सावळा, गळ्यात मफलर.

"मॅडम... लागलं का तुमाले?"

"नाही, हौसेनं झोपली मी इथं! मागचे लाईट कुठं आहेत तुमचे?"

"लाईट तर लागून राहिले ना."

मी उठून पुढे गेले आणि बघतच राहिले. ट्रॅक्टरच्या टपावर दिव्यांची पाटी झगमगत होती. 'आर्यन आणि गार्गी', आणि शेजारी लुकलुकणारा गुलाबी बदाम!

"कधी होतं हे लग्न?"

"काल."

"मग आज कोणाले दाखवून राहिले? तुरीले?"

तो हसला. मला आणखी चीड आली. मी सरळ वायर धरून मागे गेले. ट्रॅक्टरला मागे एकच सॉकेट असतं, ट्रॉलीच्या दिव्यांसाठी. या शहाण्यांनी त्यात नावांच्या पाटीची पिन खुपसली होती. वराती सजवणं हा खापा गावच्या देवरावकाकांचा धंदा, हा ड्रायव्हर, प्रीतम, त्यांचा पुतण्या, आणि त्यांच्याकडे ही रीतच होती. समोरून लग्न, मागून अंधार! मी पाटीची पिन उपटली, ट्रॉलीची लावली. दोनपैकी एकच दिवा लागला, तोही धुळीनं माखलेला. मी माझ्या ओढणीनं पुसला.

"तुमाले हे सगळं येते?" तो डोळे मोठे करून म्हणाला.

"आयटीआयत पोरांना हेच शिकवते मी. गाड्यांची वायरिंग."

"अन् सगळ्यांवर असंच चिडता... की माह्यावरच?"

"बिनालाईटवाल्यांवर."

"मंग लाईट लावला तर... चिडणार नाही?"

काय निर्लज्ज माणूस! घरी पोचेपर्यंत मी त्याला मनातल्या मनात शिव्या घालत होते. त्याचे डोळे चांगले होते, हे मला मुळीच आठवायचं नव्हतं.

चौथ्या दिवशी तो ट्रॉली घेऊन आयटीआयच्या फाटकाशी हजर. "मॅडम, तपासून द्या." मग ते नेहमीचंच झालं. मी मागे उभी राहून ओरडायची, "ब्रेक! डावा! उजवा!" तो दाबायचा आणि आरशातून माझ्याकडे बघायचा. दिवे लागलेत हे दिसत असूनही मी "परत एकदा" म्हणायला लागले, तेव्हा माझं मलाच कळलं... छे!

पाटीसाठी त्यानं वेगळी बॅटरी घेतली. काका भडकले, पण त्यानं घेतली. त्या दिवशी मी त्याला माझ्या बाबांचं सांगितलं. कापसाची ट्रॉली, दिवे नाहीत, बाबांची मोटारसायकल मागून तिच्यात घुसली. आज बाबा काठीशिवाय अंगणात जाऊ शकत नाहीत. ट्रॉलीवाला म्हणाला होता, "दिसली नाही का गा तुले?" त्या वाक्याचा राग माझ्या अंगात अजून आहे.

प्रीतमनं मफलरनं ट्रॉलीचे दोन्ही दिवे पुसले. मग म्हणाला, "दीप्ती, आमची ट्रॉली कधी अंधारात दिसली... तर माह्यं तोंड पाहू नको."

"नाहीच पाहणार," मी म्हटलं. आणि पहिल्यांदाच मला धास्ती वाटली. कारण मला ते तोंड पाहायचं होतं, रोज.

फेब्रुवारीत माझी मैत्रीण सोनिका हिच्या भावाची, कृष्णकांतची वरात नागपुरात निघाली, कोराडी रोडनं. रोषणाई देवरावकाकांची. मी हिरवी साडी नेसले होते आणि कोणासाठी ते सांगणार नाही. पुढे बँड, नाच, फेटे. टपावर 'कृष्णकांत' असा झगमगाट, की डोळे दिपावेत. मी सवयीनं मागे गेले.

मागे काळोख होता.

मागून ट्रक येत होते, ऐन वेळी वळण घेत होते, आणि ट्रॉलीमागे दोन म्हाताऱ्या बायका रमतगमत चालत होत्या. मी त्यांना बाजूला केलं आणि धावत ट्रॅक्टरपाशी गेले.

"प्रीतम!"

त्यानं वळून पाहिलं आणि त्याचा चेहरा उतरला. "मले माहीत नव्हतं, दीप्ती... काकांनी..."

"पाटीची बॅटरी बसली वं पोरी, म्हणून पिन मागं लावली," देवरावकाका मध्ये पडले. "नवरदेवाचं नाव विझवू का? थोडकाच तर रस्ता राहिला!"

"थोडक्याच रस्त्यात पाय जाते, काका!" माझा आवाज फाटला. "ठीक आहे. मी उभी राहते मागं. ट्रक आला तर आधी माह्या अंगावर येईन. दिसली नाही म्हणा मंग!"

आणि मी खरंच जाऊन ट्रॉलीमागे उभी राहिले, मोबाइलचा टॉर्च हलवत. रडत होते, पण रागानं.

ट्रॅक्टर थांबला. पुढून एकदम ओरडा झाला. टपावरचा 'कृष्णकांत' विझला होता! क्षणात माझ्या दोन्ही बाजूंना लाल उजेड पडला. दूरवरून येणाऱ्या ट्रकनं आतापासूनच वेग कमी केला, सावकाश बाजूनं निघून गेला. हॉर्नसुद्धा वाजवला नाही त्यानं. एवढंच तर हवं असतं हो! एवढंच!

"धंदा बुडवतोस काय रे!" काका बोंबलत मागे आले. मागून नवरदेवाचे मामा, फेटा सावरत. "आमच्या पोराचं नाव काहून विझवलं?"

प्रीतम माझ्याशेजारी येऊन उभा राहिला. "नाव मंडपात लागते, मामाजी. रस्त्यावर हे लागते. पैसे देऊ नका पाहिजे तर." मग काकांकडे न पाहता, माझ्याकडे पाहत म्हणाला, "काका, मले हिच्याशीच लग्न कराचं आहे."

"मले विचारलं का कोणी?" मी नाक पुसत भडकले. "भर रस्त्यात, वाजंत्री थांबवून... ही काय पद्धत आहे गा?"

"आता विचारतो ना... करशील?"

"हिले घरात आणशील तर रोज ओरडन ते!" काका म्हणाले.

"ओरडू द्या," तो म्हणाला.

मी त्याच्या तोंडाकडे पाहिलं. लाल उजेडात ते फारच घाबरलेलं दिसत होतं. मी मोबाइलचा टॉर्च विझवला.

"करीन," मी खेकसले. "आता गाडी बाजूले घे. लोकं खोळंबले."