ठळक आलेला माणूस

दार लोटून घ्या रे, आणि मधे कुणी बोलू नका. आमच्या गल्लीत एक स्टुडिओवाला होता. दिवसभर पासपोर्टचे फोटो काढायचा, पण डोक्यात खूळ एकच. ताऱ्यांचा फोटो हवा, आणि प्रत्येक तारा ठिपक्यासारखा. पण काही केल्या येईना! अंधार म्हणून कॅमेरा जास्त वेळ उघडा ठेवला, की तारे सरकायचे आणि रेघा उमटायच्या. कमी वेळ ठेवला, की नुसता काळा कागद.

"आभाळात अळ्या पडल्यात जणू," बायको म्हणायची. फोटो एका स्पर्धेला पाठवायचा होता; तिची शेवटची तारीख उद्यावर आली, तशी ती वैतागली. "आजची रात्र काय ती जा. उद्यापासून या घरात ताऱ्यांचं नाव काढायचं नाही."

मेहुणा घड्याळं दुरुस्त करायचा. त्याने चाकं बसवून एक स्टँड करून दिलं. "तारे सरकतील तसा कॅमेराही सरकेल, दाजी. तारे ठिपके येतील. जमीन मात्र फरपटणार, झाडंबिडं सगळी पुसट. तेवढं चालवून घ्या."

शनिवार, अमावास्या. भुतांसाठी नव्हे, चंद्र नको म्हणून मुद्दाम निवडलेली. रात्री बाराला तो गावाबाहेर, रस्त्यालगतच्या माळावर पोचला. आधी चाकच अडकलं. मग एक ट्रक दिवे पाजळत गेला. मग त्याचाच पाय स्टँडला लागला. एक वाजेपर्यंत सात फोटो वाया. रडायचा तेवढा बाकी होता बिचारा.

एक वाजून दहा मिनिटांनी आठवा. चार मिनिटं श्वास रोखून उभा... मग पडद्यावर पाहिलं. तारे ठिपके! एकेक टाचणीच्या टोकासारखा. खाली झाड फरपटलेलं, कुंपण फरपटलेलं.

आणि कुंपणापाशी एक माणूस. लख्ख. सदऱ्याची बटणं मोजावीत इतका.

आधी तो चिडलाच. "ओ, कोण आहे? बाजूला व्हा! फोटो चाललाय इथे!"

बॅटरी मारली. कुणी नाही.

मग त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. जमिनीवर उभा माणूसही पुसटच यायला हवा. हा ठळक आला... म्हणजे चारही मिनिटं तो ताऱ्यांबरोबर सरकत होता.

तरी नववा काढला.

माणूस कुंपणाच्या अलीकडे. तसाच ठळक.

दहावा.

माळ मोकळा.

हुश्श केलं त्याने... आणि तिथेच थिजला. इतका जवळ आलेला. आता समोर नाही. मग...

मान वळवली नाही त्याने. कॅमेरा उचकटला, स्टँड तिथेच टाकलं, आणि धूम ठोकली. दोनला घरात.

"आला का एकदाचा फोटो?" बायकोने विचारलं.

"आला," एवढंच म्हणाला. स्पर्धेला मात्र पाठवला नाही.

सकाळी मेहुण्याला घेऊन स्टँड आणायला गेला. पहाटे दव पडलेलं. गवत, दगड, स्टँड... सगळं ओलंचिंब.

स्टँडच्या मागे, हातभर अंतरावर, दोन पावलांएवढं गवत तेवढं कोरडं ठणठणीत.

"दाजी," मेहुणा म्हणाला, "उजाडेपर्यंत इथेच उभे होतात वाटतं?"