नलूनं पाहिलेली बादली

"हे कोणी केलं?"

कमलाकांतकाकांच्या मुठीत कोथिंबिरीची रोपं होती. कोथिंबीर कसली, पिवळ्या दोऱ्यांचा गुंताच तो. बोईसरजवळच्या पाम गावातल्या या चाळीचे मालक म्हणजे हे काका. ते एकेकाच्या तोंडाकडे बघत होते आणि चाळ गप्प उभी होती.

खरं तर बेत किती झकास होता. मे महिन्याची सुट्टी लागली आणि बारा वर्षांच्या नलूच्या डोक्यात आलं की, अंगणात कोथिंबीर नि पुदिना लावायचा आणि शाळा सुरू व्हायच्या आत अख्ख्या चाळीला भेळ खिलवायची, चटणी अर्थातच घरच्या पाल्याची. काकांना कल्पना इतकी आवडली की, त्यांनी दोन निळी प्लॅस्टिकची पिंपं आणली, मधोमध कापून त्यांच्या चार कुंड्या केल्या आणि तळाला भोकंसुद्धा पाडून दिली. मुलांनी माती भरली, धणे रगडून पेरले, पुदिन्याच्या काड्या खोचल्या. कोंब आले तेव्हा नलूचा धाकटा भाऊ चिंतू रोज कुंडीपाशी बसून शेव किती लागेल याचा विचार करायचा. आणि दोन पानांवर येऊन सगळं पिवळं पडलं. पुदिना तर काळा होऊन कुजला.

"कोणी पाहिलंय का काही?" काकांनी विचारलं.

या सुट्टीत आपण डिटेक्टिव्ह व्हायचं, असं नलूनं पक्कं ठरवलं होतं. सगळे गप्प असताना आपण बोलावं, सगळ्यांच्या माना आपल्याकडे वळाव्यात, ही संधी ती कशी सोडेल?

"मी पाहिलं," ती म्हणाली. "जमुनानं काल इथे बादली ओतली. मासे धुतल्याचं पाणी होतं."

सगळ्यांच्या माना वळल्या, पण जमुनाकडे. जमुना शेवटच्या खोलीतली, नलूच्याच वर्गातली. तिची आई मंजुळामावशी सातपाटीच्या कोळीवाड्यातली. ती बोईसरच्या बाजारात मासे विकायची आणि उरलेले मागच्या दारी सुकवायची.

"मी? कवा गो?" जमुना एवढंच म्हणाली.

"माझी पोर असं नाय करायची, दादा," मंजुळामावशी पुढे आली. "खारवलेलं पाणी आमी गटारात टाकतो. पोरांच्या झाडांना कशाला घालू?"

"नलूनं डोळ्यांनी पाहिलंय," काका म्हणाले. "वास सहन केला, माश्या सहन केल्या. आता पोरांच्या कष्टांवर पाणी ओतता? शनिवारी खोली रिकामी करा."

"दादा, मासलीवालीला दुसरी खोली कोन देल? पोरीची शाला हाय इथं."

काका वळून निघून गेले होते. लोकही पांगले. नलूला शाबासकी मिळाली नाही ती नाहीच, उलट ती कोणाकडे न बघता घरात शिरली.

कारण नलूनं बादली पाहिली होती, एवढं खरं. जमुना ती घेऊन अंगणातून जाताना दिसली, हेही खरं. पण ओतताना? ते काही तिनं पाहिलं नव्हतं. वासावरून पाणी कसलं ते कळलं, उरलेलं तिनं मनानंच जुळवलं आणि वर 'पाहिलं' असं ठोकून दिलं. तोंडातून गेलेला शब्द गेला.

दुपारी सगळी चाळ झोपली तेव्हा ती आणि चिंतू अंगणात आले.

"आता कसला तपास?" चिंतू म्हणाला. "चोर तर सापडला. भेळ मात्र गेली."

"गप्प बस रे. नुसतं बघतेय."

चाळीच्या टोकाला, मासे धुवायच्या दगडाला लागूनच एक गंजका तेलाचा डबा होता. जमुनाचा डबा. त्यात गवती चहा लावलेला. पाती अशी फोफावली होती की डबा दिसेनासा झाला होता. चिंतूनं एक पात तोडून चुरगळली आणि हुंगली.

"ताई, तो दगड बघ. मासे इथेच धुतात ना? मग त्या पाण्यानं झाड मरत असेल तर हा आधी मरायला पाहिजे."

नलूनं डब्याकडे बघितलं. मग मागे वळून पिंपांकडे बघितलं. तिचे कान एकदम गरम झाले.

"चिंतू," ती हळूच म्हणाली, "मी जमुनाला ओतताना पाहिलंच नव्हतं रे."

चिंतूनं हातातली पात खाली टाकली. एरवी हा मुलगा कशावरही हसायचा. आत्ता हसला नाही.

"मग सांग ना काकांना."

"सांगेन. पण आधी खरं कारण शोधू या. नुसतं सांगितलं तर सगळे म्हणतील..."

"खोटारडी म्हणतील," चिंतूनं वाक्य पुरं केलं.

तेच तर तिला नको होतं. म्हणून तिनं सांगणं पुढे ढकललं आणि शोध हाती घेतला. दोघांनी एक कुंडी उपसली. वरची माती बरी होती, पण कडेची माती काढताना नाकात काहीतरी झणकन गेलं. पिंपाच्या आतल्या भिंतीवर पिवळट थर होता, खरवडला की पापुद्रे निघत होते.

"भरताना हे आपल्याला दिसलं नाही?" चिंतूनं विचारलं.

"दिसलं होतं. मला वाटलं, मळ आहे."

नलूनं तीन करवंट्या आणल्या. दोन करवंट्यांत कुंड्या भरून उरलेली अंगणातली माती, तिसरीत पिंपाच्या कडेची. तिन्हींत मेथीचे दाणे टाकले, कारण मेथी पटकन उगवते. पहिलीला आणि तिसरीला साधं पाणी. दुसरीला मासे धुतल्याचं पाणी घालायचं होतं, आणि ते मिळणार फक्त एका दारात.

जमुना उंबऱ्यावर बसून भांडी पोत्यात भरत होती.

"जमुना, थोडं पाणी देशील? मासे धुतल्याचं. आम्ही एक प्रयोग करतोय."

जमुनानं वर बघितलंच नाही. "माझ्याकडं कशाला मागतेस? तू बगितलंस ना आमी ते कुठं ओततो. तिथनं घे की."

नलू दारातून हलली नाही. जमुनानं शेवटी पाण्याचा तांब्या समोर आपटला, निम्मं पाणी सांडलं.

"त्या गवती च्याला मी रोज हेच पानी घालते. काल पन त्यालाच नेत होते. म्हनून तर एवडा वाडलाय. तुला हवा असता तर एक ठोंब दिला असता मी, तू मागितला असतास तर."

तेवढं बोलून ती आत गेली. नलू रिकाम्या उंबऱ्यासमोर उभी राहिली, हातात तांब्या घेऊन. तिला वाटलं, हिनं दोन फटके मारले असते तर बरं झालं असतं.

शुक्रवारी सकाळपर्यंत पहिल्या करवंटीत मेथी वर आली होती. मासळीच्या पाण्याच्या करवंटीतही आली होती, तीही टवटवीत. पिंपाच्या मातीतले दाणे मात्र तपकिरी होऊन मऊ पडले होते.

तिन्ही करवंट्या घेऊन दोघं काकांकडे धावले. काका पेपर वाचत होते.

"करवंट्यांतून मला शास्त्र शिकवायला आलात होय?" ते हसले. "अरे, ही पिंपं माझ्या मेहुण्यानं दिलीत. चंद्रभान एका कंपनीच्या गोदामात कामाला आहे, कंपनीनं टाकलेली पिंपं तो आणतो. धुऊन, पुसून, स्वच्छ करून दिली म्हणालाय मला. आणि नलू, तूच तर पाहिलंस ना?"

इथे नलूनं सांगून टाकायला हवं होतं. तोंड उघडलंही तिनं. पण काकांच्या चष्म्यामागचे डोळे इतके विश्वासानं बघत होते की, तिची मान खाली गेली आणि ती तशीच घरी आली.

"तू मोठी भित्री आहेस," चिंतू म्हणाला.

"हो," नलू म्हणाली. चिंतू भांडायच्या तयारीत होता, बिचारा गडबडला.

शनिवारी सकाळी चंद्रभानमामा टेम्पोतून आणखी दोन निळी पिंपं घेऊन आले. शेजारच्या वाडीत लग्न होतं, तिथे प्यायचं पाणी भरायला हवी होती. जाता जाता बहिणीकडे चहा घ्यायला थांबले. अंगणात खुर्च्या टाकल्या गेल्या. दुसऱ्या टोकाला मंजुळामावशीची दोन बोचकी, हंडा आणि मासळीची टोपली दाराबाहेर आली होती. जमुना टोपलीवर बसली होती.

नलूनं टेम्पोतली पिंपं पाहिली, लग्नाचं ऐकलं आणि भावाला बाजूला ओढलं. "चिंतू, पळ. जमुनाच्या डब्यातली चार पाती आण. आणि हे बघ, तिला विचारून आण."

थोड्याच वेळात नलू ट्रे घेऊन अंगणात आली. चहाचा वास सगळीकडे पसरला.

"वा," चंद्रभानमामांनी कप उचलला. "गवती चहा वाटतं?"

"हो मामा. खास तुमच्यासाठी. तुमच्याच पिंपात लावला होता. बाकी सगळं मेलं, एवढाच तगला."

मामांचा कप ओठांपर्यंत पोचला होता. तो तिथेच थांबला आणि सावकाश बशीत उतरला.

"आज नको," ते म्हणाले. "सकाळपासून पित्त झालंय."

"अरे, एक कप चहानं काय होतंय?" कमलाकांतकाका म्हणाले. "मुलीनं प्रेमानं केलाय." आणि त्यांनी स्वतःचा कप तोंडाला लावला.

"भावोजी, नका पिऊ!"

मामा खुर्चीतून अर्धे उठले होते. कपातला चहा काकांच्या धोतरावर सांडला.

"का नको पिऊ?" काकांनी विचारलं. "चंद्रभान, काय होतं त्या पिंपांत?"

"रंगाच्या कामाचं कसलं तरी ॲसिड होतं." मामांचा आवाज खाली गेला. "कंपनी म्हणते, सोडा टाकून धुवा, मगच बाहेर न्या. पण त्या आठवड्यात नळाला पाणी नव्हतं, भावोजी. मी नुसती उपडी करून ठेवली. झाडंच तर लावायचीत, म्हटलं."

"आणि टेम्पोतली?" चिंतूनं मध्येच विचारलं. "त्यात तर माणसं पाणी पिणार आहेत."

मामा टेम्पोकडे पाठ करून बसले. रुमाल काढून तोंड पुसत राहिले.

"चहा प्या, काका," नलू म्हणाली. "पाती पिंपातली नाहीत. जमुनाच्या डब्यातली आहेत. मामा पितात का, तेवढं बघायचं होतं."

मग जो गलका झाला, तो काय सांगावा. काका मेहुण्यावर असे बरसले की काकू आतून धावत आल्या. टेम्पो तिथूनच कंपनीकडे परत फिरवायचं ठरलं. आधी कोणाकोणाला पिंपं दिली ते आठवून मामांनी आजच्या आज सगळी परत आणायची, आणि बरोबर काका स्वतः जाणार, असंही ठरलं. शेवटी काकांनी नलूच्या पाठीवर हात ठेवला.

"लग्नघर वाचवलंस, पोरी. हुशार आहेस. नजर मोठी तेज आहे हिची."

सगळे तिच्याकडे बघत होते. चार दिवसांपूर्वी हेच तिला हवं होतं. आता मात्र जमीन दुभंगून आपल्याला पोटात घेईल तर बरं, असं तिला झालं. तिनं अंगणाच्या दुसऱ्या टोकाला बघितलं. जमुना टोपलीवरून उठली होती.

"तेज नाही माझी नजर," नलू म्हणाली. दोन पावलं पुढे होऊन तिनं पुन्हा म्हटलं. "काका, मी काहीच पाहिलं नव्हतं. जमुना बादली घेऊन चालली होती, एवढंच दिसलं. ओतलं हे मी माझ्या मनानं सांगितलं. ते पाणी ती तिच्या डब्यातल्या गवती चहाला नेत होती. मला कळल्यावरसुद्धा मी गप्प बसले, कारण मला लाज वाटत होती."

नलूच्या आईनं पदर तोंडाला लावला आणि ती जमिनीकडे बघत राहिली. ते नलूला सगळ्यात जास्त लागलं.

कमलाकांतकाकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "पोरीनं सांगितलं आणि मी ऐकलं," ते म्हणाले. "डब्याकडे एकदा वळून बघायलाही मला सवड झाली नाही. तिच्यापेक्षा मी मोठा गाढव." मग ते चालत शेवटच्या खोलीपाशी गेले आणि मंजुळामावशीचा हंडा त्यांनी स्वतः उचलून आत नेऊन ठेवला. "मंजुळाताई, चुकलो."

"खोली सोडायची नाय ना?" मंजुळामावशीनं विचारलं.

"नाही."

"मंग झालं." तिनं बोचकं उचललं. नलूकडे एक नजर टाकली, रागाची म्हणावी तर नाही, मायेचीही नाही. "खरं बोललीस, बरं केलंस. पन चार रोज उशिरा बोललीस गो."

संध्याकाळी नलू जमुनाच्या दारात गेली. काय बोलायचं ते तिनं वाटेत दहा वेळा घोकलं होतं, ते सगळं विसरली.

"ठोंब देशील?" एवढंच आलं तोंडातून. "गवती चहाचा. मी आता मागतेय."

जमुनानं हातातलं भांडं खाली ठेवलं. मग उठली, डबा आडवा केला, मुळांसकट एक ठोंब उपटला आणि फुटक्या मडक्यात खोचून नलूच्या हातात दिला.

"पानी हेच घालायचं," तिनं दगडाजवळची बादली दाखवली. "आन चोरून नाय घालायचं. सगल्यांनी बगितलं पायजे."

नलूचं घर चाळीच्या दुसऱ्या टोकाला होतं. तिनं एका हातात मडकं घेतलं, दुसऱ्या हातात बादली. पहिल्या पाळीची माणसं नुकतीच कंपनीच्या बसमधून उतरून घरी आलेली, सगळी ओट्यांवर बसलेली. बादलीचा वास पुढे पुढे आणि नलू मागे. मधल्या खोलीतल्या काकूंनी नाकाला पदर लावला.

"काय ग नलू, काय आहे बादलीत?"

नलू थांबली. तिचे कान पुन्हा गरम झाले होते.

"मासे धुतल्याचं पाणी," ती सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाली. मडकं खाली ठेवून तिनं त्यावर बादली वाकडी केली. "मी ओततेय. नीट बघा, काकू."

मागे वळून बघितलं, तर जमुना ओट्याच्या कडेला उभी होती आणि तीही नीट बघत होती.